पिंजारी सरांनी न छापलेले पान

प्रा. रशीद पिंजारी सरांची आणि माझी पहिली भेट देवपूरच्या महाविद्यालयात झाली, तीही बोलणी खाऊन. चाळीसगावहून येणारी माझी गाडी उशिरा पोचली होती. सर म्हणाले, "उशीर गाडीला झाला, तासाला का व्हावा? उद्यापासून आधीची गाडी धरा." मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या निमित्ताने कबूल करते.

आमच्या भौतिकशास्त्र विभागात धड दुर्बीणही नव्हती. पण परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींवर ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट घेतात. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे डुलतो, ते त्यातून कळते. ही निरीक्षणे काही काळाने एका संग्रहात सर्वांसाठी खुली होतात. "दाराला कुलूप नाही, मग बाहेर का उभे राहायचे?" असे सर विचारीत. निवृत्तीनंतरही ते रोज येत, संग्रहातले आकडे उतरवून घेत आणि त्यांचे तक्ते छापून आम्हाला वाटत. पहिला आलेख हातानेच काढायचा, हा त्यांचा दंडक. आम्ही मागे कुरकुरायचो आणि पुढ्यात मुकाट्याने ठिपके द्यायचो.

एका ताऱ्याच्या वेगाच्या माझ्या आलेखाने मध्येच मोठी उडी घेतली. गणित केले तर भला मोठा ग्रह! सरांनी पाठ थोपटली. आम्ही परिषदेला निबंध पाठवला. माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बातमी मिळाली.

आठवड्याने सरांनी संग्रहातली माहिती पुन्हा वाचली. त्या उपकरणात प्रकाश वाहून नेणारा फायबर मधल्या काळात बदलला होता, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडायचे नसतात. ही सूचना शेवटच्या पानावर होती, आणि कागद वाचवायला सर ते पान छापतच नसत. उडी उपकरणाची होती. माझा ग्रह गेला.

संशोधन सोडायचे ठरवून मी दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी सर थेट आमच्या दुकानात आले आणि उभ्याउभ्याच सगळी चूक स्वतःवर घेत वडिलांना म्हणाले, "भाऊ, चूक पोरनी नही शे, मनी शे. एक पान मी छापंच नही."

वडिलांनी तर साऱ्या गावाला सांगून टाकले होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, मी तं बठ्ठा गावले सांगी टाकं!"

"मंग बठ्ठा गावले हाई बी सांगा."

परिषदेला निबंध मागे घेत असल्याचे पत्र सरांनी स्वतः लिहिले. पहिल्याच ओळीत स्वतःची चूक, माझे नाव कुठेही नाही. ते वाचून मला रडू आवरले नाही. दुसऱ्या दिवशी मी आधीची गाडी धरली.

आलेखाचे फायबर बदलण्याआधीचे आणि नंतरचे भाग वेगळे मांडल्यावर दोन्हींत एकाच दिशेचा बारीकसा उतार उरला. तो ग्रह असेल, तर त्याची फेरी फार लांबची. उतार वळतो का, हे कळायला आणखी दहाएक वर्षांची निरीक्षणे हवीत. मी आता त्याच महाविद्यालयात शिकवते. नवी निरीक्षणे खुली झाली की सूचनांसकट उतरवून घेते. मागच्या महिन्यात आलेख बघून सर हसत म्हणाले, "तोवर मी पंच्याऐंशीचा होईन."

मग होऊन दाखवा, सर. तिखट शेव कमी करा, पांझरेकाठचे फिरणे चुकवू नका, गुडघ्यांना औषध लावा. तो आलेख वळेल तेव्हा निबंध मी लिहीन, पण तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय तो कुठेही पाठवणार नाही.