अकरा वाजून साठ मिनिटं

दुकानात भिंतीवरचं घड्याळ आयतं मिळत असताना माणूस ते घरी जोडायला का घेतो? दादाला मी हे किती वेळा विचारलं! तो नुसता हसायचा. आता तर विचारायचीही सोय राहिली नाही. भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला.

तर त्या घड्याळापायी माझी जी शोभा झाली, ती ऐकाच. चहा घ्या, गार होईल.

सुरुवात दहाव्याला झाली. आरोंद्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिलो. माडावर कावळे ढीगभर, पण एक खाली उतरेल तर शपथ! काका दादाला उद्देशून म्हणाले, "सुहासा, आवशीक आम्ही सांभाळतलो." कावळा ढिम्म. आत्या म्हणाली, "तुझी गाडी विकूची नाय रे." ढिम्म! आईचा चेहरा बघवेना. मी पुढे होऊन ओरडलो, "दादा, तुझा घड्याळ मी पुरा करतंय! तेराव्याक लावतंय!"

झप्पकन कावळा खाली!

सगळे रडायला लागले. मी पण रडलो. पण मी वेगळ्या कारणाने रडत होतो. आठवीत शाळा सोडलेला, होडीवर जाळं ओढणारा माणूस मी. मला घड्याळातलं काय कळतं?

मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात दादाने सगळं मांडून ठेवलं होतं. गोमेसारखे बारीक पायांचे काळे चिप्स, ओळीने. एकदा त्याने मला समजावलं होतं, "ह्यो नवापर्यंत मोजता. दहावो इलो की स्वतः शून्य होता आणि शेजाऱ्याच्या खांद्यार एक थाप मारता. मगे शेजारी एक मोजता." एवढंच माझं शिक्षण. सेकंद आणि तास त्याने जोडून ठेवले होते, मधली मिनिटं राहिली होती. मी थाप मारणाऱ्या वायरी बघून बघून जोडल्या. डब्यात तीन डायोडांची, म्हणजे मण्याएवढ्या तीन पुर्ज्यांची, एक जुडी शिल्लक राहिली. म्हटलं, उरला असेल माल!

तेराव्याला घड्याळ दादाच्या फोटोशेजारी ठेवलं. लाल आकडे पेटले. घर भरलेलं, समोर आई बसलेली. मी छाती फुगवून उभा. काकांनी जाहीर केलं, "आज ह्या घरात वेळ सुहासाच्या घड्याळाची. बारा वाजल्याशिवाय पान वाढूचा नाय!"

अकरा अठ्ठावन्न. अकरा एकोणसाठ. सगळे माना वर करून बघतायत.

अकरा साठ.

माझ्या पायाखालची जमीन सरकली हो! अकरा एकसष्ट. अकरा बासष्ट. भटजी आकड्यांकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, पण आईसमोर तो बाहेर काढायची हिंमत कोणाची?

आत्या कुजबुजली, "गो, आमच्या वेळार साठ नव्हते."

"गप गो! नवीन पद्धत असतली," काकी म्हणाली.

साखरेचा आजार असलेले शेजारचे अण्णा खांबाला टेकले. "बारा कधी वाजतले रे? माझे तर वाजले!"

अकरा पंचाहत्तर! आतमध्ये खीर घट्ट होत चाललेली. हे असंच चाललं तर अकराचे बारा व्हायला शंभर मिनिटं लागणार. त्याहून मोठी भीती म्हणजे दादाला दिलेला शब्द खोटा पडणार, आणि तोही आईच्या डोळ्यांदेखत. मी फोटोचा हार नीट करायच्या निमित्ताने मागे गेलो, देवाचं नाव घेतलं आणि एका सुट्या वायरीचं टोक दिसेल तिथे टेकवलं. मिनिटांच्या दहाच्या घराचा शून्य झाला, त्याने तासाला थाप मारली... एकाच्या घरातल्या पाचाचा शून्य मी कसा केला ते विचारू नका, पण बारा वाजले!

"वाढा!" काका ओरडले. अण्णांनी तर श्लोकाचीही वाट बघितली नाही.

सुटलो म्हणता? छे! मागे पडलेली पंधरा मिनिटं मी पंगत उठल्यावर गुपचूप पुढे घेतली, पण तास भरला की परत साठ उजाडणार होते. तेव्हापासून माझा हा धंदाच झाला. दर तासाला साठ दिसले की मागे हात घालायचा आणि वायर टेकवायची. कोणाला सांगायची सोय नाही. होडीवर जाणं बंद. आमचा तांडेल, होडीचा म्होरक्या, घरी आला.

"होडयेर येतलस काय नाय?"

"येतंय. पण तासाक एकदा घराक सोडशात?"

"मेल्या, होडी आसा ती! रिक्षा नाय!"

आणि खरी भीती तर पुढेच. मी रात्री मेल्यासारखा झोपायचो, आणि सकाळी बघावं तर घड्याळ बरोबर! रोज! कोण थाप देतं? दादाच येतो, दुसरं कोण? मी पांघरूण डोक्यावरून घ्यायला लागलो. आपला भाऊ, तरी भीती वाटायची, काय करणार?

शेवटी एका सकाळी डबा उघडला. सेकंद आपोआप साठला वळतात, मग मिनिटं का नाहीत? बघतो तर सेकंदांच्या घरात तीन डायोडांची जुडी. तसलीच जुडी, जी मी उरलेला माल म्हणून बाजूला टाकली होती! ती शोधून मिनिटांच्या घरात खोचली. एकोणसाठनंतर सरळ पुढचा तास, दोन शून्यं. कोणाचा हात न लागता!

"आये! झाला! आता ता आपसूक चालता!"

आई ओले हात पुसत आली. बघत राहिली. हसली नाही.

"मगे रात्री मी काय करू?"

"रात्री? म्हणजे तू..."

"मगे कोण? तू घोरतंस तेव्हा खंयचो देव येता? तेराव्याक तुका मागे हात घालताना बघलंय मी. माका खंय झोप येता? तासाक एकदा त्येच्या कामाक माझो हात लागत होतो, इतक्याच." आणि ती चुलीकडे निघून गेली.

जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एक वस्तू बरोबर दुरुस्त झाली होती. मग जुडी उपटून काढली, खिडकीतून लांब खाडीत भिरकावली, आणि दादाचं घड्याळ पुन्हा नीट बिघडवून ठेवलं.