दोन रकाने

आई-बाबांच्या औषधांची यादी मी दोन रकान्यांत करत होते. उद्यापासून आई माझ्याकडे, बाबा दादाकडे. दोघं मावतील एवढी जागा कुणाकडेच नाही. समोर आई बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. “हलू नका हो.” मग बाबांनी आठवणीने तिची बीपीची गोळी तिच्या हातावर ठेवली.

भौतिकशास्त्र शिकवणारी माझी लेक म्हणते, एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांचं वर्णन सुटंसुटं करता येत नाही; करायचं तर जोडीचंच. हे थेंब आता कोणाच्या रकान्यात लिहू? जग मुळात सुटं नसेलच, तर आम्ही भावंडं काय वाटून घेतोय?

“तिकडे यांचे थेंब कोण घालेल गं?” आईने विचारलं.

“वहिनी.”

तिने मान डोलावली. बाटलीचं झाकण केव्हाच घट्ट बसलं होतं, तरी ती ते फिरवत राहिली.