सासूच्या तोंडचं वाक्य

इमारतीत तिला सगळे वकिलीणबाई म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. तिची सगळी नोकरी एका सिनेमागृहाच्या दारात तिकिटं फाडण्यात गेली होती. मध्यंतरात बाहेर पडलेले लोक "आम्ही आतलेच आहोत" म्हणत परत आत शिरत, आणि त्यांच्या आडून बाहेरचेही तेच म्हणत घुसत. चेहरे सगळ्यांचे सारखेच प्रामाणिक. तेव्हापासून चेहऱ्याकडे बघायचं नाही, तिकिटाचा तुकडा मागायचा, ही तिची रीत. नोकरी संपली तरी तिचा हात पुढेच राहिला. दूधवाला "ताजं आहे" म्हणाला की ही विचारणार, "कशावरून?" शेजारीण म्हणाली, अमकीची मुलगी घर सोडून गेली, तर ही म्हणणार, "तू बघितलंस?"

"नाही, पण सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी बघितलं?"

शेजारणीनं तिच्याकडे बातम्या आणणंच सोडून दिलं होतं.

सुनेबद्दल मात्र ती जे म्हणेल ते खरं धरलं जाई. सासूला "कशावरून" कोण विचारणार? किल्ली सापडली नाही, सून विसरली. दाराची कडी उघडी राहिली, सूनच. "हिला काही आठवेल तर शपथ," हे वाक्य ती दिवसातून इतक्या वेळा म्हणे की घरात ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं होतं. सून उत्तर देत नसे. ती खाली जाऊन इस्त्री करी.

जिन्याखालच्या कोनाड्यात सुनेचं टेबल होतं. जाड पांघरूण घातलेलं, एका बाजूला पाण्याचा तांब्या, दुसऱ्या बाजूला कपड्यांची गाठोडी. त्याच भिंतीवर सगळ्या इमारतीच्या विजेच्या मीटरांचा डबा. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर शर्ट द्यायला आले की तिथेच उभं राहून तिच्याशी गप्पा मारत. कॉलरची घडी कशी हवी हे फक्त हिलाच कळतं, असं ते म्हणत.

आग लागली त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. उकाड्यानं हैराण होऊन अख्खी इमारत जिन्यावर बसली होती. कुणी वर्तमानपत्रानं वारा घेत होतं, कुणी पायरीवरच भाजी निवडत होतं. सुनेचं कामही बंद. दुपारनंतर वीज आली, पंखे फिरले, लोक टाळ्या पिटत आपापल्या घरात पळाले. सून आधी झालेले कपडे पोचवायला वरच्या मजल्यावर गेली होती. ती तिथून निघायच्या आत जिन्यातून धूर वर आला. बाकीचे गच्चीवर पोचले. मास्तर जिन्यात अडकले. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते बेशुद्ध होते.

चार दिवसांनी सोसायटीच्या चिटणीसांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि चष्मा लावून तपासणीचा अहवाल वाचला. इस्त्री चालू राहिल्यामुळे आग लागली. वीज गेली तेव्हा बटण बंद केलं नाही, वीज परतल्यावर इस्त्री तापली. मग पुढचं वाक्य आलं. "घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या सांगण्यानुसार सदर महिला विसराळू असून..."

सगळ्या माना वकिलीणबाईकडे वळल्या. तिला आधी कळलंच नाही की ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे आपण.

"सुनेनं चूक कबूल करून सही द्यावी आणि कोनाड्यातली जागा सोडावी," चिटणीस म्हणाले. "मग पोलिसांपर्यंत कुणी जाणार नाही. रविवारी तपासणीचे साहेब येतील, त्यांच्यासमोर मिटवून टाकू."

घरी आल्यावर लेक म्हणाला, "आई, देऊ दे सही. टेबल दुसरीकडे मांडू." लेक टेम्पो चालवायचा, आणि रस्त्यावर कुणी चुकीचं वळलं तरी हाच गाडी मागे घ्यायचा.

"तू गप्प बस. तू बटण बंद केलं होतंस का गं?"

सून भिंतीला टेकून बसली होती. "आठवत नाही."

"नीट आठव."

"आठवत नाही म्हटलं ना! मीच ठेवलं असेल चालू. सगळे म्हणतात तर मीच असेन. मास्तर दवाखान्यात पडलेत. त्यांच्या मुलीनं मला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, बाबांना तुमचं तोंड बघायचं नाही. द्या तो कागद, करते सही."

सासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेचा कैवार म्हणून नव्हे. चूक सुनेची असेलही, असं तिला वाटतच होतं. पण ज्याचं त्याला आठवत नाही आणि बाकीच्या गावाला पाठ आहे, हे कसलं? सिनेमाच्या दारात असं कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याला बाजूला उभं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं इस्त्री चालू होती म्हणून?"

"अहो, सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांचं राहू द्या. तुम्हाला कुणी?"

शिक्षिकेनं जरा विचार केला. "समोरच्या वहिनींनी."

समोरच्या वहिनी म्हणाल्या, चिटणीसांच्या बायकोनं. चिटणीसांच्या बायकोनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. चिटणीस चहा पीत होते.

"मला साहेबांनी सांगितलं. माणूस सरकारी आहे, उगाच कशाला सांगेल?"

"आणि साहेबांना?"

चिटणीसांनी कप खाली ठेवला. त्यांना मनापासून हसू आलं. "वकिलीणबाई, कमाल करता! तुम्हीच नाही का सांगितलंत?"

ती दारातच उभी राहिली. मग तिला आठवलं. धुरानं डोळे चुरचुरत होते, मास्तरांना उचलून नेत होते, आणि कुणी तरी पेन उघडून विचारलं होतं, "इस्त्री कुणाची? बंद केली होती का?" आणि ती म्हणाली होती, "तिला काय कधी आठवतंय!" रोजच्यासारखं. खोकता खोकता. शिंक यावी तसं ते वाक्य तोंडातून आलं होतं. त्यानं ते लिहून घेतलं, वर शिक्का मारला, आणि आता ते सगळ्या इमारतीत फिरून तिच्याकडेच परत आलं होतं.

बाकी काहीच नव्हतं. ना कुणी बघितलं, ना कुणी तपासलं. मास्तरांच्या मुलीनं सुनेच्या तोंडावर दार लावलं ते या एका वाक्यावर.

"तुम्ही जिन्याखाली गेला होतात?" तिचा आवाज चढला.

"मी कशाला जाऊ? साहेब आले होते ना."

"साहेब आत गेले होते?"

"काळं पाणी साचलं होतं हो आत. दारातून बघितलं त्यांनी."

"दारातून! माझ्या दारातून बघून कुणी सिनेमा बघितला म्हणालं असतं तर मी त्याला हाकलला असता!"

"माझ्यावर कशाला ओरडता? सून तुमची, वाक्य तुमचं."

हे बोलणं तिला झोंबलं, म्हणून ती आणखीच संतापली. जिना उतरताना ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. साहेबाला शिव्या घातल्या, चिटणीसांना घातल्या, उरलेल्या स्वतःला.

जिन्याखाली आता स्वच्छ होतं. भिंत काळी, आणि त्या काळ्या भिंतीवर नवा कोरा मीटरचा डबा चकाकत होता. जळका कचरा गोण्यांत भरून अंगणाच्या कोपऱ्यात टाकला होता, भंगारवाल्याची वाट बघत. सून तिच्यामागे येऊन उभी राहिली होती.

"काय शोधताय?"

"तुझी इस्त्री. आणि हे बघ, आधीच सांगते. प्लग भिंतीत असल्याची खूण निघाली तर तेही मी सगळ्यांना सांगणार. माझी सून म्हणून लपवणार नाही."

"लपवू नका," सून म्हणाली. पण ती जवळ आली नाही.

सासूनं पहिली गोणी उपडी केली. राख, खिळे, टेबलाचा अर्धा पाय, चेपलेला तांब्या. दुसऱ्या गोणीच्या तळाशी जड काही तरी हाताला लागलं. इस्त्री होती. मूठ जळून गेली होती. वायरच्या तांब्याच्या तारा इस्त्रीभोवती गोल गोल गुंडाळलेल्या, मधलं रबर वितळून त्यांचा एकच काळा गोळा झालेला. आणि तारेच्या टोकाला प्लगच्या पितळी पिना, शेवटच्या वेढ्याखाली खोचलेल्या.

ती खालीच बसली. गुंडाळलेली वायर भिंतीत कशी असेल?

"तू वायर गुंडाळून ठेवतेस?"

सून इस्त्रीकडे बघत राहिली. "नेहमीच. पाय अडकतो ना कुणाचा. वर जाताना गुंडाळतेच." मग हळू म्हणाली, "हात करतात ते. लक्षात कुठे राहतं!"

इतक्या वर्षांत सासूनं ते एकदाही बघितलं नव्हतं. सुनेच्या कामाच्या जागी ती कधी पाच मिनिटं थांबलीच नव्हती.

रविवारी साहेब आला. तरुण होता, घाईत होता. अंगणात टेबल मांडलं होतं, त्यावर सहीचा कागद. वकिलीणबाईनं कागदावरच इस्त्री आपटली. काळी भुकटी उडाली.

"हे काय आजी?"

"आजी घरी. ही ती इस्त्री, तुमच्या अहवालातली. ओळख नसेल, तुम्ही आत आलाच नव्हतात."

साहेबानं निरखून बघितलं. "वायर नंतरही गुंडाळता येते."

"बरोबर विचारलंत. हेच आधी विचारलं असतंत तर? आता यातला एक वेढा सोडवून दाखवा."

साहेबानं ओढून बघितलं. वेढे इस्त्रीला चिकटले होते. त्याची बोटं काळी झाली. लोक पुढे सरकले. शिक्षिका म्हणाली, "अगंबाई, खरंच की!"

"पण तुम्ही स्वतःच जबानी दिलीत," साहेब चिडून म्हणाला. "सून विसराळू आहे म्हणून."

"दिली! मी तिला रोज बोलते. तुमच्या घरी कुणी कुणाला बोलत नाही? ते लिहून तुम्ही शिक्का मारता? मी म्हटलं असतं की हिनं माझं रक्त आटवलं, तर खुनाचा गुन्हा लिहिला असतात?" कुणीतरी हसलं. ती त्याच्यावरच उलटली. "हसू नका! जिन्यावर घाम पुसत बसला होतात ना सगळे? वीज आली तेव्हा टाळ्या पिटल्यात ना? सून गठ्ठा घेऊन तुमच्यासमोरून वर गेली. एकाला तरी वाटलं का, खाली जाऊन बघून यावं? माझ्या तोंडाला लगाम नाही, हे उभ्या इमारतीला माहीत आहे. नेमकं तेवढंच वाक्य बरं खरं वाटलं!"

हसणारा मागे सरकला. साहेबानं घसा साफ केला. "ठीक आहे. आपण 'कारण अज्ञात' लिहू. सहीची गरज नाही. विषय संपला."

चिटणीसांनी मान डोलावली. लेकाचा जीव भांड्यात पडला, तो टेबल उचलायलाही लागला.

"थांबा," सून म्हणाली.

एवढे दिवस तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती चिटणीसांसमोर जाऊन उभी राहिली. "मीटरच्या डब्यातून आवाज येतो, जळल्यासारखा वास येतो, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही 'बघतो' म्हणालात. जुना डबा कुठे आहे?"

"तो... भंगारात दिला."

"माझी इस्त्री इथे पडून होती. डबा तेवढा आधी गेला?"

"अगं, जळकी वस्तू कशाला ठेवायची?"

"बघायला," सून म्हणाली. "साहेब, अज्ञात लिहू नका. बघितलं नाही, असं लिहा. डबा न बघता दिला, असंही लिहा. खरं कळेपर्यंत मी नवं टेबल त्याच कोनाड्यात मांडणार."

साहेबानं काळी बोटं रुमालाला पुसली. मग त्यानं नवा कागद मागितला.

लोक पांगले. सासू विजयी मुद्रेनं जिना चढू लागली, पण सून पुढे होती आणि मागे वळून बघत नव्हती. दाराशी पोचल्यावर ती थांबली.

"तुम्ही त्याला असं का सांगितलंत?"

सासूला धूर आठवला, खोकला आठवला. तिनं ती सबब काढली नाही. "सवयीनं."

"रोजच्या?"

"रोजच्या."

सुनेनं कुलूप काढलं. दार तिनं धाडकन ढकललं. "उद्या दवाखान्यात यायचं माझ्याबरोबर. मास्तरांच्या मुलीसमोर तुम्ही बोलायचं. मी बाहेर उभी राहणार नाही, आत येऊन ऐकणार आहे."

"काय सांगू? आग कशानं लागली ते अजून कळलेलं नाही."

"तेवढंच सांगा. आणि माझं नाव कशावरून घेतलं, तेही."