आखाजीची सही

घर घ्यायचं म्हणजे ठरलेली किंमत मालकाच्या हातात ठेवायची, एवढंच मला कळत होतं. आम्ही पाचोऱ्याकडचे शेतकरी. आमच्या घरात कर म्हणजे फक्त घरपट्टी. नोकरीच्या जोरावर जळगावात एक जुनं रो-हाऊस ठरवलं, तेव्हा वकिलांनी मुद्रांक शुल्क समजावलं आणि माझं डोकंच उठलं. आपली किंमत आणि सरकारी दरानं निघणारी किंमत, यांत जी जास्त तिच्यावर शुल्क. वर हा सरकारी दर एक एप्रिलला वाढू शकतो. मार्चअखेर शुल्क भरून सह्या उरका, घरभरणी हवी तेव्हा करा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

त्या घराच्या गच्चीवर जायला जिना नव्हता, नुसती लोखंडी शिडी. आईचे गुडघे गेलेले. गावाकडे घराच्या धाब्यावर, त्या सपाट मातीच्या छतावर, ज्वारीचे बिबडे पापडांसारखे वाळवायचे, उन्हाळ्यात तिथेच अंथरूण टाकायचं, यात तिचा जन्म गेला होता. भाड्याच्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. म्हणून जिन्याचे पैसे मी आधीच बाजूला काढले होते.

पण मार्चमध्ये सही म्हटल्यावर आईच अडून बसली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात; त्या दिवशी तो घरी येतो म्हणतात. ज्या दिवशी वडिलांची घागर, त्याच दिवशी लेकीची सही, हे तिनं कधीचं मनात धरलेलं. घरभरणी आखाजीला करू, सही तेवढी आधी होऊ दे, असं मी हात जोडून सांगितलं.

"सही म्हंजेच घर," ती म्हणाली. "त्या दिन तुना बाप येस. त्याले देखू दे."

शेवटी सही आखाजीलाच करू, असं मी वकिलांना कळवलं.

एप्रिल उजाडला आणि दर वाढला. सरकारी किंमत आमच्या सौद्याच्या वर गेली. म्हणजे जी किंमत मी कुणाला दिलीच नाही, तिच्यावर शुल्क भरा! बाई म्हणून मिळालेली सवलत या वाढीनं गिळून टाकली. मी वकिलांशी भांडले, सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या, आईशी अबोला धरला. जिन्याचे पैसे शुल्कात गेले. ते तेवढं आईला सांगवलं नाही.

आखाजीला घागर भरून, नैवेद्य दाखवून आम्ही नोंदणी कार्यालयात पोचलो, तर सर्व्हर बंद. आमच्यासारखे मुहूर्तवाले बाहेर व्हरांड्यात ताटकळत बसलेले. संध्याकाळी शिपायानं सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं. सही झाली दुसऱ्या दिवशी. कर गेला तो गेला, मुहूर्तही गेला. मला हसावं की रडावं कळेना.

राहायला गेल्यावर एकदा कामावरून आले, तर गच्चीवर जुनं लुगडं पसरलेलं आणि त्यावर बिबडे. खाली आई भिंतीला टेकून बसलेली, गुडघे सुजलेले. शिडीवरून पडली असतीस तर, म्हणून मी तिच्यावर ओरडले. मग रडले. जिन्याचे पैसे कुठे गेले, ते सगळं ओकून टाकलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. पदरानं माझं तोंड पुसलं.

"राहू दे," ती म्हणाली. "जिनाले पुढली आखाजीले हात लावू. दिन चांगला शे."