नाना वकिलांची जर्मनची मोटार

माणसाला एखादं काम येत नसलं की त्याचा एक किस्सा होतो. येत नसून तो ते शिकवायला लागला की किस्से आवरत नाहीत! चांद्याच्या नाना वकिलांच्या अंगणात असा शिकणारा आणि असा शिकवणारा, दोघंही होते. मी शाळामास्तर, शेजारी राहायचो, चहाला रोज हजर.

लढाईनंतर मिलिटरीनं मोडीत काढलेली एक मोटार नानांनी घेतली. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत जर्मनचा, आणि जागोजाग चिरलेला. वरोऱ्याच्या मेहुण्याला सांगून बसले, "तुमच्या पोरीच्या लग्नाले तुमच्या बहिणीले याच मोटारीत आणतो!" मेहुणा चारचौघांत हसला. झालं! आता मोटार दुरुस्त झाली नाही तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

गुरू मिळाले गोविंदभाऊ. बल्लारशाच्या आरागिरणीत ते लोखंडाला वेल्डिंग करायचे. "लोखंड काय न् जर्मन काय! लाल झालं का जोडाचं." त्यांनी बॉनेटवर गॅसची ज्योत धरली. "लाल होऊ द्या, लाल होऊ द्या..." जर्मन कधी लाल होतच नाही. वितळेपर्यंत जसंच्या तसं दिसतं. वीतभर पत्रा थेट गोविंदभाऊंच्या बुटावर पडला.

"अरे, न सांगताच गेला!"

नाना म्हणाले, "माहे पक्षकार बी असेच जातेत."

पुढं नागपूरचा एक ड्रायव्हर सांगून गेला, "पत्र्यावर साबण घासा. साबण काळा पडला का पत्रा तापला समजा, ज्योत मागं घ्या." सल्ला चांगला होता, पण ऐकणारे हे! नानांनी बायकोचा चंदनाचा साबण अख्ख्या दारावर घासला. तो काळा पडला तर गोविंदभाऊ म्हणतात, "हा जळला. दुसरा लावा!" दुसरा येईपर्यंत दाराला भोक. नानांच्या पत्नी राधाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मोटारीची आंघोळ झाली असंन तर तुमी बी करून घ्या!"

भोकं बुजवायला वितळवून भरायची सळई लागते, तीही जर्मनचीच. चांद्यात ती मिळेना. गोविंदभाऊंनी शोध लावला, "गाडीले गाडीचाच पत्रा लागते." मग मडगार्डची पट्टी कापून बॉनेट बुजवलं. मडगार्डसाठी दाराची कापली, दारासाठी मागच्या पत्र्याची. भोकं होती तितकीच राहिली, फक्त गाडीभर फिरून आली. मी विचारलं, "शेवटचं भोक कशानं बुजवणार?"

गोविंदभाऊ म्हणाले, "मास्तर, तुमी काऊन घाई करून राह्यले? अजून छत हाय ना!"

त्याच संध्याकाळी राधाबाईंनी घरातले जर्मनचे सगळे गंज, म्हणजे पातेली, पेटीत घालून कुलूप लावलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मोटार सुरू झाली. खरंच झाली, खोटं कशाला बोलू! नाना फेटा बांधून तयार, राधाबाई नवं लुगडं नेसून आलेल्या, सगळा मोहल्ला रस्त्यावर. नानांनी ऐटीत दार ओढलं. दार जागेवरच राहिलं, मूठ तेवढी पत्र्यासकट हातात आली.

कोणी हसलं नाही. मलाही नानांकडे बघवेना.

राधाबाईंनी त्या मुठीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, गाठोडं काखेत मारलं आणि ठेसनाच्या वाटेला लागल्या. चार पावलं जाऊन वळल्या.

"मी आगगाडीनं पुढं होतो. तुमी मोटारीनंच या. दादाले सांगून वाटेत तुमाले घ्याले बैलबंडी जुपून ठेवतो!"