नळाच्या दुसऱ्या टोकाला

साल १९३३. मी सव्वीस वर्षांचा असेन. जन्माची नोंद कुणी केली नव्हती, पण आई सांगायची त्यावरून तेवढंच येतं. आम्ही धनगर, नातेपुत्याच्या अंगाची माणसं. मेंढरं भावाकडं राहिली आणि मी सोलापूरच्या गिरणीत आलो. शाळा दुसरीपर्यंत झाली. तेव्हा हे वाचताना कुणी माझं शुद्धलेखन काढू नये. काढलं तरी मी बदलणार नाही.

गिरणीत मी कार्ड खात्यात होतो. कार्ड म्हणजे कापूस विंचरायचं यंत्र. भलंमोठं लोखंडी पिंप आणि त्याच्या अंगभर तारेचे बारीक दात. त्या दातांत कापसाचं बारीक तूस, माती, सरकीचा चुरा अडकून बसतो. तो दिवसातनं दोन-तीन वेळा काढावाच लागतो, नाहीतर पुढं सूत घाण निघतं. त्या वेळी हे दोघांचं काम होतं. ब्रशाचा लांब रूळ एकानं या टोकाला, एकानं त्या टोकाला धरून पिंपावर चढवायचा. तो फिरायला लागला की असा धुरळा उठायचा की समोरचा माणूस दिसायचा नाही. तोंडाला फडकं बांधायचं आणि डोळे बारीक करायचे. यंत्रांच्या आवाजात बोलणं तर नाहीच. रूळ उचलायचा झाला की जोडीदार मान हलवायचा. त्याची मान मी आधी ओळखायला लागलो, तोंड मागाहून.

माझा जोडीदार माझ्याहून पुष्कळ मोठा, मैंदर्गीकडचा लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी. मी त्यांना अण्णा म्हणायचो. ते मला तम्मा म्हणायचे, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्यांची बायकापोरं गावी होती. मला तर शहरात दुसरं कुणीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी नवी पेठेतल्या गर्दीतनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचो, कापडाच्या दुकानांसमोर उभा राहायचो, पण हाक मारणारं एक माणूस भेटायचं नाही. मग सोमवार कधी येतो असं व्हायचं.

पाळी सुटली की गूळ खायचा. गुळानं छातीतलं तूस खाली उतरतं, असं सगळे म्हणत. आमच्या खात्यात रीत अशी होती की आपला गूळ आपण खायचा नाही. जोडीदारानं तो तुमच्या तळहातावर ठेवायचा, तुम्ही त्याच्या. असं का, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

अण्णा म्हणाले, "तुझा तू खाल्लास तर किती खातोस ते मला कळंल व्हय? धनगराचं पोट, निम्मी ढेप संपवशील की."

मग नळ आला. खात्याच्या छताखालून लोखंडी नळ फिरवला. प्रत्येक यंत्रापाशी त्याला एक तोंड आणि तोंडावर झाकण. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली बांधली आणि तिच्यात पंप बसवला. झाकण उघडून नळी लावली की पंप यंत्राच्या दातांतलं सगळं तूस तिकडं ओढून न्यायचा. धुरळा म्हणून उडायचा नाही. खात्यावरच्या मास्तरांनी आम्हाला गोळा करून सांगितलं, "आता खातं देवघरासारखं स्वच्छ राहील."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग चपला बाहेर काढून येऊ का, मास्तर?"

मी विचारलं, "पर ही धूळ जाणार कुटं?"

"मागच्या खोलीत. तिथं कापडी झोळ्या आहेत, त्यात साठेल. एक माणूस झोळ्या झाडेल आणि रिकाम्या करील."

नळीवर एकच माणूस पुरत होता. त्यामुळं जोड्या फुटल्या आणि माणसं दुसऱ्या खात्यांत पांगली. आमच्या जोडीतला एकजण आत नळीवर राहणार होता आणि एकजण मागच्या खोलीत जाणार होता. अण्णांची छाती तेव्हा बिघडली होती. चार पायऱ्या चढले की थांबायचे आणि भिंतीवरचं काहीतरी बघतोय असं दाखवायचे. मी सगळ्यांच्या आधी म्हणालो, "खोलीत मी जातो. मला धनगराला कोंडून राहणं सोसत न्हाय."

"त्या खोलीला खिडकी नाही," मास्तर म्हणाले.

"मला चालतंय."

त्या दिवशी पाळी सुटल्यावर अण्णांनी गुळाला हात लावला नाही.

"जोडी मोडताना जोडीदाराला इचारत न्हाईत व्हय तुमच्यात?"

"इचारलं असतं तर तुमी व्हय म्हटला नसता."

"म्हणून न इचारता उपकार? मी काय लंगडं मेंढरू हाय, खांद्यावर टाकून न्यायला?"

समजूत घालणं मला कधी जमलं नाही, आणि जे बरोबर केलं त्याची समजूत का घालायची? आजही विचाराल तर मी तेच करीन. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. वाटेत दिसले तर ते रस्त्याच्या पलीकडून जायचे, मी अलीकडून.

खोलीत मी एकटा. झोळ्या छताला टांगलेल्या असत. त्या काठीनं झाडायच्या आणि खाली साठलेलं तूस पोत्यात भरायचं. सगळ्या खात्याची धूळ आता माझ्या एकट्याच्या वाट्याला आली होती. आतल्या लोकांचा खोकला कमी झाला आणि त्यांनी गूळ आणणंही सोडून दिलं, असं ऐकलं. मी सोडला नव्हता. पण आपलाच गूळ आपण तोंडात टाकायचा, त्याला चव लागायची नाही.

आतल्या लोकांनी एक नवी खोड काढली होती. पाळी सुटायच्या आधी नळी अंगावरून, डोक्यावरून फिरवायची, म्हणजे केसांतलं तूस निघून जातं. मग कुणाचा रुमाल ओढला जायचा, कुणाची तंबाखूची पुडी. ते सगळं माझ्या झोळीत येऊन पडायचं. मी ते झटकून खिळ्याला लावून ठेवायचो. कुणी मागायला येईल आणि दोन शब्द बोलेल, असं वाटायचं. खिळा भरला, पण कुणी आलं नाही. पाण्याच्या हौदापाशी मी एकाला म्हणालो, "तुजी टोपी माज्याकडं हाय." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, मी नवी घेतली."

असे बरेच महिने गेले. एक दिवस दुपारी पंपाचा आवाज बदलला. मेंढरू काटेरी कुंपणात अडकल्यावर ओरडतं तसा. झोळ्या सैल पडल्या. नळ तुंबला होता आणि आत अर्धं खातं थांबलं होतं. मास्तर आणि फिटर धावत आले. माझ्या खोलीच्या भिंतीपाशी नळाला वळण होतं. तिथले बोल्ट फिटरनं सोडवले आणि आत हात घालून गाठ मारलेलं एक फडकं ओढून काढलं. उकललं तर आत गूळ, मुठीएवढा.

फिटर म्हणाला, "गुड है मास्तर. नल कू मीठा लग्या, निगल्याच नै."

फडकं मी लगेच ओळखलं. निळ्या रेघांचं. वर्षानुवर्षं धुरळ्यात माझ्यासमोर तेच तोंड बांधलेलं असायचं.

मास्तरांनी फिटरला आत पिटाळलं आणि दार लोटलं. "कुणाचा आहे हा?"

"माजा हाय."

"तू या टोकाला. नळ आतून इकडं ओढतो. तुझा गूळ काय उलटा चढला?"

"चढला आसंल."

"कुणी टाकला ते तुला माहीत आहे. उद्या भोंग्याच्या आत त्याचं नाव सांग, त्याला घरी पाठवतो. नाव नसेल तर या खोलीची किल्ली दारवानाकडं दे आणि तू जा."

त्यांनी गूळ फडक्यासकट उचलून नेला.

संध्याकाळी अण्णा माझ्या राहत्या खोलीवर आले. दारात उभे राहून आधी दम खाल्ला. मी सतरंजी पुढं सरकवली.

"फिटर सांगत हुता. तुंबला म्हणं."

"तुंबला."

"गूळ खाल्लास का?"

"कुटं? मास्तर घिऊन गेला. नळातनं का धाडला, अण्णा? झोळ्यांच्या खोलीला दार हाय की."

"दारात आलो आसतो तर तू तोंड फिरवलं आसतंस."

ते खरं होतं.

"आमी आत देवघरात," ते म्हणाले, "आन् तूस सगळं तुज्या नरड्यात. मग गूळ तिकडंच जायला पायजे की, तम्मा. मला वाटलं, टोप्या जात्यात, गूळ बी जाईल." मग म्हणाले, "उद्या मास्तरला सांगून टाकतो, मीच टाकला म्हणून."

"सांगायचं न्हाय. सांगितलं तर तुमचं तोंड बघणार न्हाय."

"आत्ता लई बघतोस की." ते हसले, आणि हसता हसता खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. मी तांब्या दिला. आत नळीवर राहिले तर ही छाती अजून काही वर्षं काढेल, बाहेर पडले तर गावी जाऊन काय करतील, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, "मास्तरनं सोडून दिलं. हसला आन् गेला. परत करू नका म्हणाला."

"खरंच?"

"खरंच."

अण्णांचे खांदे खाली आले. उठताना म्हणाले, "मग उद्या पाळी सुटली की मी मागच्या दारापाशी येतो. गूळ हातावरच देतो, नळातनं नगं."

"या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी मी किल्ली दारवानाच्या हातात ठेवली. अण्णा ज्या रस्त्यानं यायचे तो सोडून मागच्या गल्लीनं निघालो, आणि दुसऱ्या गिरणीच्या दारात बदलीवाल्यांच्या, म्हणजे न आलेल्याच्या जागी दिवसापुरतं काम मागणाऱ्यांच्या, रांगेत जाऊन उभा राहिलो.