अट, अर्ज आणि पोच

अकोला स्टेशनवर गाडी यायला अजून अर्धा तास होता आणि माझे बाबा बाकावर बसून माझं नेमणुकीचं पत्र वाचत होते. आई पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बसवत होती, धाकटी बहीण नंदा रडायच्या तयारीत होती, आणि बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून मला विचारलं, "यातली सात नंबरची अट वाचली का?" मी सिंगापूरला निघाले होते. आमच्या वस्तीतून परदेशी नोकरीला जाणारी पहिली मुलगी! आणि या माणसाला अटी सुचत होत्या. मी चिडून म्हटलं, "बाबा, सही करून झाली. आता वाचून काय करायचंय?" त्यांनी पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट माझ्या हातात दिलं. "बरं. पोहोचलीस की पोच दे," एवढंच म्हणाले.

बाबा तहसील कचेरीत लिपिक होते. पण वस्तीत त्यांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणायचे, थोडं चेष्टेनं आणि बरंचसं खरं. कुणाचं रेशनकार्ड अडलंय, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला राहिलाय, कुणाची पेन्शन तीन महिने आली नाही, की संध्याकाळी आमच्या ओसरीवर माणूस हजर. बाबा सतरंजीवर बसून अर्ज लिहायचे. वर डाव्या बाजूला 'प्रति', मग 'विषय', मग 'संदर्भ', मग मुद्दा. एका परिच्छेदात एकच मागणी. अर्जाच्या दोन प्रती, आणि देताना बजावायचे, "एक साहेबाला दे, दुसरीवर शिक्का मारून घे. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समज." मला या शिक्क्यांचा लहानपणी भारी कंटाळा यायचा.

तर ती सात नंबरची अट. पहिल्या वर्षात सलग रजा मिळणार नाही, असं तीत लिहिलं होतं. आठव्या महिन्यात नंदाचं लग्न ठरलं. नंदे, तू हे वाचशीलच, म्हणून परत एकदा सांगते: मी साहेबासमोर रडले होते गं. पण कागद तो कागद. तुझ्या लग्नाची सीडी मला दोन महिन्यांनी पोस्टानं मिळाली आणि तीही मध्येच अडकत होती. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "वाचलं नव्हतंस ना? मग आता पाळ." पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांच्यावर नव्हताच, पण काढणार कुणावर?

या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा मी एका खोलीत तिघींबरोबर राहायचे. आता पासिर रिसला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, खालच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतला, चहावाला काका मला बघून न विचारता कमी साखरेचा चहा भरतो. नोकरी मात्र जुरोंग आयलंडला. म्हणजे देशाच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला राबायचं. आधी एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, मग कंपनीची बस, मग गेटवर पास दाखवा, फोन जमा करा. नवरा वाटेवरच्या बुओना व्हिस्टाला संशोधन करतो आणि सकाळी माझ्यानंतर तासाभरानं उठतो. घर घेताना नकाशा मीच नीट बघितला नव्हता, असं तो वर्षातून दोनदा तरी ऐकवतो. ऐकून घेते. चूक माझीच आहे.

आमच्या हॉलमध्ये एकच मोठा फोटो आहे. कोट, टाय, हातात पुस्तक. कुणाचा ते आमच्या लोकांना सांगायला नको. आमची यशोधरा त्या फोटोखाली बसून अभ्यास करत मोठी झाली. पाचवीत असताना तिनं मला विचारलं होतं, "आई, ही वॉज अ लॉयर, राइट?" मी म्हटलं, "बॅरिस्टर." तेव्हापासून हिला कायदाच शिकायचा होता. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं, आणि शेवटी इथल्या बोलीतला एक 'ला' चिकटलेला असतो. मी ओरडले की म्हणते, "रिलॅक्स ला, आई."

यंदा तिला इथल्या दोन विद्यापीठांतून कायद्याला प्रवेश मिळाला आणि दोन्हीकडून शिष्यवृत्तीही. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. पेढे म्हणजे काय हे चिनी सहकाऱ्यांना समजावताना माझा आवाज एवढा चढला होता की सुपरवायझर बघायला आला. त्यालाही पेढा दिला.

पहिल्या विद्यापीठानं सगळी फी भरायची तयारी दाखवली होती. यशोला जायचंही तिथंच होतं, कारण तिथं विद्यार्थी गरिबांना फुकट कायद्याचा सल्ला देतात असं एक केंद्र आहे आणि मुलाखतीला गेली तेव्हाच ती तिथं दोन तास बसून आली होती. दुसऱ्या विद्यापीठाची निम्मी फी आम्हाला भरायला लागणार होती. मला तर यात विचार करण्यासारखं काही दिसेना. पण कार्टी पत्र घेऊन टेबलाशी बसली, पिवळ्या पेनानं एक ओळ रंगवली आणि म्हणाली, "ही कंडिशन बरोबर नाहीये."

अट अशी होती की दर वर्षी वर्गातल्या पहिल्या पंचवीस टक्क्यांत नंबर हवा. एकदा घसरला की शिष्यवृत्ती बंद, कायमची.

"मग अभ्यास कर की!" मी म्हटलं.

"आई, तिथं येणारा प्रत्येक जण आपल्या शाळेत पहिलाच आलेला असतो. सगळ्यांनी भरपूर अभ्यास केला तरी तीन चतुर्थांश मुलं पहिल्या पंचवीस टक्क्यांत नसणारच. माझे मार्क माझ्या हातात आहेत, दुसऱ्यांचे नाहीत." हे सगळं ती अर्ध्या इंग्रजीत बोलली, पण एवढं स्वच्छ की माझ्या इंजिनिअरच्या मेंदूलाही पटलं. दुसऱ्या विद्यापीठाची अट साधी होती, ठरावीक श्रेणी राखा. तिला पहिल्याकडे तीच अट हवी होती, आणि एखादं सत्र खराब गेलं तर सावरायला एका सत्राची मुदत. ती तसं पत्र लिहून मागणार होती.

आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलीकडची माणसं कशी बसतात माहीत आहे ना? सतरंजीच्या कडेला, हात जोडून, समोरचे म्हणतील त्याला मान हलवत. मी आयुष्यभर तशीच बसले. शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली, इथं राहायचा पास मिळाला, घ्या आणि उठा, बोलू नका, नाहीतर दिलेलं काढून घेतील. वर दुसऱ्या विद्यापीठाला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पहिले रागावले आणि दुसऱ्यांची मुदत टळली तर? तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

तरी मी आई म्हणून मदतीला धावले. पत्राचा कच्चा खर्डा करून दिला. त्यात 'हंबली' तीनदा होतं, 'काइंडली' पाचदा, आणि आपण माझ्यावर जे उपकार केले वगैरे. यशोनं तो वाचला आणि हसली नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, "आई, दे ऑल्सो वॉन्ट मी. फक्त मलाच ते हवेत असं नाहीये." मी म्हटलं, "तुला जग कळत नाही. काही लिहायचं नाही, सही कर आणि मोकळी हो!" ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

रविवारी सकाळी अकोल्याला व्हिडिओ कॉल असतो. बाबा आता ऐंशीच्या पुढे गेलेत, फोन कानाला लावतात म्हणून आम्हाला बराच वेळ त्यांचा कानच दिसतो. मला वाटलं, आता हे माझ्या बाजूनं बोलतील. मी सगळं सांगितलं, कैफियतच मांडली म्हणा ना. त्यांनी फोन समोर धरला.

"काहून अडवतेस पोरीला?"

"बाबा, दिलेलं काढून घेतील."

ते म्हणाले, "मला लॉ कॉलेजला शिष्यवृत्ती होती. तुला नाही सांगितलं कधी. हजेरीची अट होती. माझी माय आजारी पडली, दीड महिना गावाला राहिलो, हजेरी भरली नाही. यादीतून नाव गेलं. एक अर्ज केला असता, सवलत द्या म्हणून, तर दिलीही असती. पण वाटलं, आधीच यांनी एवढं दिलं, आपल्यासारख्यानं आणखी काय मागावं? लाज वाटली. लिहिलाच नाही."

साऱ्या वस्तीचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या बापानं स्वतःचा अर्ज लिहिला नव्हता. 'वकीलसाहेब' अशी हाक ओसरीवरून आली की त्यांना आत काय होत असेल, हा विचार मी एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

यशो कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, मी लिहिते. तुम्ही चेक करा, हां?"

तिनं लिहिलं. आजोबांनी भिंग घेऊन तो इंग्रजी मजकूर वाचला आणि तीन दुरुस्त्या सांगितल्या. वर विद्यापीठाच्या पत्राचा संदर्भ घाल. एका परिच्छेदात एकच मागणी ठेव. शेवटी लिही की या पत्राची पोच द्यावी. तिनं तिन्ही जशाच्या तशा घेतल्या. दुसऱ्या विद्यापीठालाही तिनं आठवडाभर मुदत मागितली, सरळ, एका ओळीत. त्यांनी लगेच दिली! मी इतकी वर्षं कशाला भीत होते, देव जाणे.

पहिल्यांचं उत्तर पुढच्या गुरुवारी आलं. मी प्लांटमध्ये होते. सुट्टी झाल्यावर गेटवर फोन हातात आला तेव्हा सात मिस्ड कॉल होते. बसच्या रांगेतूनच फोन लावला तर पलीकडून यशोची किंकाळी. "आई, कॅन! दे सेड कॅन!" इथल्या बोलीत 'कॅन' म्हणजे 'चालेल'. नंबराची अट काढली होती, ठरावीक श्रेणी ठेवली होती, एका सत्राची मुदतही दिली होती. आणि यंदाच्या सगळ्याच शिष्यवृत्तीधारकांना हाच बदल लागू करतोय, असं शेवटी लिहिलं होतं. यशोनं फोनवर पाठवलेलं ते पत्र मी कंपनीच्या बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. एकाही शब्दाला अडखळले नाही. ज्यांना इंग्रजी नीट कळत नव्हतं, त्यांनाही माझा चेहरा कळला असावा, कारण अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या.

सही करायच्या आधी यशोनं पत्र पहिल्यापासून वाचलं. मग मी वाचलं. मग नवऱ्यानं. सात नंबरची अट मी दोनदा वाचली. मगच तिनं सही केली.

ते पत्र बाबांना पाठवलं. नंदा त्याची प्रिंट काढून त्यांच्याकडे घेऊन गेली. दोन दिवसांनी तिनं एक फोटो पाठवला. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं, कापऱ्या पण वळणदार अक्षरात, कचेरीत लिहायचे तसंच बाबांनी लिहिलं होतं: 'अर्ज मंजूर. प्रत मिळाली.' खाली सही आणि तारीख.

घर कुठलं, असं मला इथं आणि तिथं, दोन्हीकडे विचारतात. पूर्वी मी अकोला म्हणायचे, मग काही वर्षं गप्प बसायचे, अलीकडे पासिर रिस म्हणते आणि लाजत नाही. पण माझा कागद शेवटी जातो तो त्या ओसरीवरच, आणि तिथून पोच आल्याशिवाय मला काही झाल्यासारखं वाटत नाही. यशोनं तो फोटो छापून आणला आणि हॉलमधल्या मोठ्या फोटोच्या खाली चिकटवला. तिच्या एका मैत्रिणीनं विचारलं, हे कुणी लिहिलंय? मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"माय ग्रँडफादर," यशो म्हणाली. "ही इज अ लॉयर."